वैनगंगा दारात, पाणी कॅनचं

भंडारा,
कोजागिरी पौर्णिमा

चि. छोटी हिस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू विचारलंस, "मोठे बाबा, नदी एवढी जवळ असताना पाणी विकत काहून घेता?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण सहा महिने इथं राहून घरूनच काम करायचा तुझा बेत पक्का दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो. भंडाऱ्यात कुठं राहावं, काय खावं, कशाची धास्ती धरावी, हे सगळं शेवटी पाण्यापाशीच येऊन ठेपतं.

तुझ्या बाबाच्या आणि माझ्या लहानपणी उन्हाळ्यातली वैनगंगा म्हणजे रेतीचं मैदान. मधून एक धार वाहायची, तळाचे गोटे मोजावेत इतकी निवळ. ढिवर मंडळी त्या रेतीत डांगरवाड्या लावायची. हातभर झिरा खणला की गार पाणी वर यायचं. वाटीवाटीनं ते गुंडात भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि घरी आणायचं. गुंडही भंडाऱ्याच्याच पितळेचा. रेती हीच आमची गाळणी होती.

मग 22 एप्रिल 1988 रोजी याच नदीवर, खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दला राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं. 1983 मधला खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं, असं ठरलं होतं. कालवे रखडले, गावं उठली, पुनर्वसनाची भांडणं अजून सुरू आहेत. ज्याच्या शेतात पाणी पोचलं तो धरणाला दुवा देतो, आणि त्याचं चुकत नाही.

पण धरणाचं फुगलेलं पाणी मागं सरकत आपल्या घाटांपर्यंत आलं. रेती बुडाली, डांगरवाड्या गेल्या, वाहती नदी तलावासारखी थबकली. त्यात भर नागपूरची. नाग नदी त्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान आपल्या खालच्या अंगाला वैनगंगेत येते. नदी वाहती असती तर ती घाण पुढं निघून गेली असती. पाणी तुंबल्यावर ती जाणार कुठं? उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग येतो, जलपर्णी पसरते. नाग नदी शुद्ध करायला एकोणीसशे कोटींच्या वरचा प्रकल्प मंजूर झालाय. मात्र सगळं खापर नागपुरावर फोडू नये. आपल्या गावचे नालेही त्याच नदीत उतरतात.

नळाला येतं ते पाणी वैनगंगेचंच, शुद्ध करून. तरी लोकांचा जीव मानत नाही, म्हणून कॅन. माझं विचारशील तर कॅनवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नकोस. गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. सीलबंद नसलेला जार कुठून भरून आला, हे आणणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक नसतं. तुझ्या मोठ्या आईनं घरी फिल्टर बसवलाय, पावसाळ्यात ती वर पाणी उकळतेही. तूही तेच कर.

घर बघताना भाडं नंतर विचार. आधी शेजाऱ्याला विचार, "2020 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" त्या ऑगस्टच्या अखेरीस वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि नदीकाठच्या वस्त्यांत ते रातोरात शिरलं. घरमालक भिंतीला रंग मारतो, शेजारी मात्र बोट ठेवून दाखवतो. नदीवरचा कारध्याचा लहान पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की पलीकडची कामं उद्यावर टाकायची. दुसरा प्रश्न बोअरचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलर दिवसभर पाणी पितो, आणि तेव्हाच बोअर आटते.

खाण्याची मात्र चैन आहे. मासळी घेताना नदीची की तलावाची, हे विचारून घे. मी तलावाचीच घेतो. या जिल्ह्यातले जुने तलाव कोहळी लोकांनी धानासाठी बांधले. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले, म्हणून 'माजी मालगुजारी', बोलण्यात मामा तलाव. आता त्यांतले शिंगाडे बाजारात येतील. तांदूळ चिन्नोर घे, पण वर्षभराचा जुना. नव्याचा भात गिचका होतो. सकाळी तर्री-पोहे खा, पण पहिल्याच दिवशी जास्त तर्री मागू नकोस. बाहेर राहून तुझी जीभ नाजूक झाली असेल.

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसनं आलीस तर तिकीट 'भंडारा रोड'चं काढ. ते स्टेशन वरठीला आहे, गावापासून दहाएक किलोमीटर. विमानानं नागपूरला उतरलीस तर पुढं साठ-बासष्ट किलोमीटर, एसटी मिळतच राहते.

एक मागणं आहे. नुसती पाहुणी म्हणून येऊ नकोस. ढीगभर शिकलेली पोरं बाहेर गेली, त्यामुळे इथं रस्ता आणि नाली सोडून तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढंमागं इथंच राहायचं ठरलं तर मतदार यादीत नाव लाव, आणि मत मागायला जो दारात येईल त्याला विचार, "गावचं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत कधी जाणार?" तारीख सांगेल त्यालाच मत दे.

तुझे,
मोठे बाबा