आपणांस ॲप आवडेल काय?

बँकेत अठरा वर्षं काढल्यावर माणसाला दोन गोष्टींचं आश्चर्य वाटेनासं होतं. एक, सर्व्हर बंद पडल्याचं. दुसरं, हेड ऑफिसचं परिपत्रक आल्याचं. त्यामुळे बँक नवं मोबाईल ॲप काढणार असून तत्पूर्वी ग्राहकांचं मत जाणून घेण्यासाठी आमच्या तळोजा शाखेची निवड झाली आहे, असं परिपत्रक आलं तेव्हा मी ते शांतपणे वाचलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

निवड तशी वाईट नव्हती म्हणा. एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, मूळ गावातले आगरी शेतकरी, फेज वन-फेज टूच्या इमारतींत कर्ज काढून राहायला आलेली आमच्यासारखी माणसं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंढर मेट्रो सुरू झाल्यापासून गार डब्यातून उतरून येणारी नवी मंडळी, असे सगळे एकाच रांगेत उभे असतात. आणि रांग माझ्यापुढे.

परिपत्रकासोबत बारा प्रश्नांचा फॉर्म होता. "तुम्ही काहीतरी लिहिता ना?" एवढ्या एका गुन्ह्याखाली साहेबांनी तो माझ्या गळ्यात घातला. पहिलाच प्रश्न : 'आपणांस बँकेचे नवीन, सुलभ व सुरक्षित ॲप वापरावयास आवडेल काय?' आता तुम्हीच सांगा, याला नाही कोण म्हणेल? पाहुण्याच्या पानात श्रीखंड वाढून समोर उभं राहायचं आणि "आवडलं ना?" विचारायचं, त्यातलाच प्रकार. दोन दिवसांत चाळीस फॉर्म भरले. चाळीसपैकी चाळीस 'होय'. त्यातल्या एका गृहस्थांकडे मोबाईलच नव्हता. त्यांनाही आवडणार होतं. आमच्या सोसायटीत गच्चीच्या डागडुजीवरसुद्धा इतकं एकमत झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते ॲप बनवणारी दोघं जण आली. मुलगी पंचविशीची, पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेली. तिथे हा विषय १९६९ पासून शिकवतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी बी. कॉम. माणूस, डिझाइन म्हणजे साडीचं एवढंच जाणतो. बरोबरचा मुलगा नुसता वहीत लिहायला होता. मुलीने माझे चाळीस 'होय' चाळले आणि रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"काका, 'वापराल का' विचारलं की लोक आपलं मन मोडू नये म्हणून हो म्हणतात. पुढे आपण काय करू, हे त्यांनाही ठाऊक नसतं. 'मागच्या वेळी काय केलंत' ते विचारायचं. जमलं तर करून दाखवायला सांगायचं. आणि मग गप्प बसायचं."

या शास्त्रात गप्प बसण्याएवढं अवघड काही नाही. आमच्या धंद्यात ग्राहकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत "तीन नंबर" म्हणायची रीत आहे.

"किती जणांशी बोलणार?" साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, सुरुवातीला आठ-दहा. साहेब दचकले. "अहो, खातेदार हजारांनी आहेत!" मग तिने याकोब निल्सन नावाच्या डॅनिश गृहस्थांचं नाव काढलं. तयार नमुना तपासायला पाच माणसं घेतली तरी बहुतेक अडचणी सापडतात, असं त्यांनी २००० साली लिहून ठेवलंय म्हणे. आत्ता तर नमुनाही तयार नव्हता, पण नाव परदेशी असल्यामुळे साहेबांना पटलं.

"लोक शाखेत कशाला येतात?" तिने मला विचारलं.

"पासबुक भरायला."

"पण त्याचं यंत्र बाहेर आहे ना? मग आत का येतात?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

मागच्या खोलीत चहा मागवून एकेकाला बसवलं. आधी परवानगी विचारायची, नाव लिहिणार नाही असं सांगायचं. (मीही तोच नियम पाळतोय, थोडा तपशील बदलला आहे.) पहिला आला तो कारखान्यातला कामगार. गावी पैसे पाठवतो ते झटक्यात यूपीआयने, पण आमचं जुनं ॲप उघडलं की डोळे मिटल्यासारखा सगळी बटणं ओलांडून शिल्लक पाहतो आणि बाहेर पडतो. "बाकी बटन? दबाया और पैसा कट गया तो?" पासबुक त्याला हवं, कारण ठेकेदाराने किती दिवसांचा पगार टाकला ते ओळीवर बोट ठेवून मोजता येतं.

मग एक पेन्शनर. "फारच छान ॲप आहे तुमचं!" म्हणाले. करून दाखवा म्हटल्यावर तीनदा चुकले आणि शेवटी खिशातून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर पिन. बरोबर त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, 'आपला पिन कोणालाही सांगू नका' हे आमचं पोस्टर! मी ओरडणार तेवढ्यात मुलीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

आणि मग मावशी. फेज टूमध्ये तीन घरची कामं करतात. सहा वर्षं दर महिन्याला येऊन पाचशे रुपये भरतात आणि दर वेळी बजावतात, "पासबुक भरू नका हं." मी त्यांना थोड्या विक्षिप्तांत काढलं होतं.

"मागच्या महिन्यात पैसे भरलेत, तेव्हा काय काय केलंत?" मुलीने विचारलं. मावशी गप्प. मुलगीही गप्प. मी तोंड उघडलं आणि पाय आठवून मिटलं. अर्ध्या मिनिटाने मावशी बोलल्या. घरात फोन एकच, तो नवऱ्याकडे. बँकेचा मेसेज त्यावर आला तर पैसे त्याच संध्याकाळी जातील, म्हणून नंबर बहिणीचा दिलेला. पासबुक ट्रंकेत असतं, त्यात सहा वर्षांपूर्वीचा आकडा आहे, तोच नवऱ्याने पाहिलेला बरा. पैसे मुलीच्या नर्सिंगसाठी.

"मग किती जमले ते कसं कळतं?"

"हे साहेब सांगतात ना."

सांगतो की! काचेच्या भोकातून, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी अभिमानाने : "मावशी, एक्केचाळीस हजार झाले!" सहा वर्षं. आणि रांगेत निम्मी माणसं त्यांच्याच वस्तीतली. चहा माझ्या घशाखाली उतरेना.

मुलीने भरणा स्लिपच्या मागे पेन्सिलीने चौकोन काढून दाखवला. शिल्लक झाकलेली राहील, बोट ठेवलं तरच दिसेल. मावशींनी कौतुकाने पाहिलं. "छान आहे. पण फोन त्यांच्याकडे असतो ना." मुलीने चौकोन खोडला आणि बराच वेळ पेन्सिल नुसती हातात धरून बसली.

त्या दोघांनी नऊ जणांचा अहवाल पाठवला. हेड ऑफिसचं उत्तर आलं की शाखेकडून चाळीस अनुकूल अभिप्राय आधीच मिळाले असताना नऊ जणांसाठी काम का थांबवावे? खाली संदर्भ माझ्याच पत्राचा.

पुढच्या महिन्यात मावशी आल्या. मी पाचशेची नोट घेतली, स्लिपवर शिक्का मारला, मागच्या बाजूला आकडा लिहिला आणि तोंडातून चकार शब्द न काढता काचेखालून सरकवला. त्यांनी आकडा वाचला, तो तुकडा फाडून त्याचे आणखी बारीक तुकडे केले आणि माझ्याच टोपलीत टाकायला आत हात केला.

"काय चाललंय हो?" साहेब मागून म्हणाले.

"संशोधन," मी म्हटलं, आणि पुढच्याला बोलावलं.