लोणी भापकर : एक देऊळ आणि एक मोटारसायकल

मोरगांवाहून बारामतीच्या रोखानें निघालें म्हणजे कालव्याचा हिरवा मुलूख लागण्यापूर्वीं जो कोरडा, माळरानाचा पट्टा लागतो, त्यांत लोणी भापकर हें गांव वसलेलें आहे. बारामती म्हटली कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें ऊंस आणि साखर उभी राहते. परंतु या तालुक्याचे बागायत आणि जिराईत असे दोन भाग आहेत, आणि लोणी जिराईतांत मोडते. पाऊस पडला तर बाजरी-ज्वारी, न पडला तर टँकरची वाट, असा येथील क्रम. भापकर या मराठे सरदार घराण्याचें नांव गांवास चिकटलेलें आहे, आणि काळभैरवनाथाचें व दत्तात्रेयाचें अशीं देवळेंही गांवांत आहेत. पण जाणता प्रवासी येथें येतो तो मल्लिकार्जुनाचें देऊळ पाहावयास.

हें देऊळ यादवकालीन. समोर चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची पुष्करिणी आहे. तिच्या कांठीं दगडी मंडप आहे, आणि परिसरांत यज्ञवराहाची पाषाणमूर्ति आहे. वराह मनुष्यदेही नव्हे, चारी पायांवर उभा असलेला पशुरूप. त्याच्या पाठीवर झूल घालावी तशा लहान लहान विष्णुमूर्ति ओळीनें कोरलेल्या आहेत. वराहामुळें जाणकार असें मानतात कीं देऊळ मूळचें विष्णूचें असावें आणि मागाहून शिवाचें झालें असावें. तें कांहींही असो. आज गाभाऱ्यांत शिवलिंग आहे, बाहेर वराह आहे, आणि गांवच्या मंडळींस त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं. पुराणकारांनीं या वराहाचें वर्णन अवयवशः केलेलें आहे: पाय म्हणजे वेद, दाढा म्हणजे यूप, जिव्हा म्हणजे अग्नि, अंगावरचे केस म्हणजे दर्भ. आम्ही शाळेंत हा भाग सांगत असूं तेव्हां मुलें हंसत; आमचा भाचा तर विचारी, ‘मामा, मग हे सगळे भाग सुटे करतां येतात का?’

तोच भाचा आतां चाकणच्या एका कारखान्यांत आहे, आणि त्यानें खरोखरच एक वाहन सुटें केलें. आमच्या धाकट्या बहिणीचें सासर लोणीचें, त्यामुळें तेथें आमचें येणें-जाणें चाळीस वर्षांचें आहे. आमचे मेहुणे पशुवैद्य होते. जिराईतांतल्या वाड्या-वस्त्या, ओढ्यांच्या वाटा, रात्रीं-अपरात्रीं अडलेल्या गाई, हें सारें त्यांनीं १९८४ सालच्या एका बुलेटवरून सांभाळलें. तिच्या पाटीवर जुना तीन अक्षरांचा क्रमांक आहे. मेहुण्यांस जाऊन चार वर्षें झालीं, आणि तितकीच वर्षें गाडी गोठ्याच्या पडवींत पोत्याखालीं उभी होती. थोरल्या दिरांचें मत ती विकावी. गिऱ्हाइकेंही येत होतीं, कारण जुन्या बुलेटीस आज मोठा मान आहे. भाच्याचें म्हणणें, विकूं नये, तिची नवी घडण करावी. गेल्या पौषांत आम्ही तेथें गेलों तेव्हां घरांत याच प्रश्नाचा खल चालला होता.

या गाडीचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची कंपनी. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करानें सीमेवरील गस्तीकरितां तिची ३५० ची बुलेट पसंत केली आणि १९५५ सालीं मद्रासेंत एनफील्ड इंडिया ही संस्था निघाली. पुढें इंग्लंडांतील मूळ कारखाना बंद पडला; मद्रासची शाखा मात्र जगली. मूळ वृक्ष वठावा आणि परदेशीं लाविलेली फांदी फोफावावी, असा हा प्रकार आहे. इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचें, त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. धांव व्यासापेक्षां लांब असल्यामुळें हें इंजिन घाईनें फिरत नाहीं. त्याचे ठोके एकेक मोजतां येतात, आणि चढावर तें कमी वेगांतही ओढतें. आमच्या बहिणीस ठोक्यांवरून कळे कीं गाडी वेशीपाशीं आली. मग ती चहाचें आधण ठेवी.

गांवाबाहेरील रस्त्यावर एक मिस्त्री आहेत. बोलणें कमी, हात चांगला. त्यांच्या गॅरेजांत आम्हीं तीन दिवस जवळजवळ मुक्कामच केला, आणि निवृत्तीनंतर इतका चांगला वेळ क्वचित् गेला असेल. प्रथम सर्व गाडी मोकळी झाली. प्रत्येक भागाचे नटबोल्ट निराळ्या डब्यांत, डब्यावर खडूनें खूण. टाकी, मडगार्ड, चाकें, शेवटीं इंजिन; आणि मग उरला तो नळ्यांचा सांगाडा, ज्यास ते चासी म्हणतात. इंजिन उघडल्यावर सिलिंडर आंतून झिजून किंचित् अंडाकृति झालेला आढळला. तो बारामतीस लेथवर नेऊन बोअर मारून आणला, म्हणजे आंतून गोल कातून थोडा मोठा केला, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसविला. चाकांचे आरे एकेक आवळून, धांव डुगडुगत नाहीं ना हें डोळ्यानें आणि बोटानें पाहणें, हें काम मिस्त्री स्वतःच करीत. दुसऱ्यास हात लावूं देत नसत.

भाच्याच्या मनांतील आराखडा असा होता: सांगाड्याचा मागचा भाग कापावा, मडगार्डें आंखूड करावीं, हँडल रुंद, टायर जाड, आणि बैठक एकाच माणसापुरती, खालीं झुकलेली. या घाटास बॉबर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंतील तरुणांनीं जड गाड्यांचा अनवश्यक भार छाटून त्या हलक्या केल्या, त्यांतून हा घाट रूढ झाला. आपल्याकडे मुंबईस अक्षय वर्दे यांनीं ‘वर्देंची’ या नांवानें असें काम व्यवसाय म्हणून उभें केलें. पण त्याआधीं आणि त्याबाहेरही आपल्या खेड्यांतून हा उद्योग चालतच आहे. गुजराथेंत अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगानी यांनीं १९९४ च्या सुमारास बुलेटीचें मागचें चाक काढून तेथें कुळवाचीं हत्यारें जोडलीं. बैल पोसणें परवडेना म्हणून. आपल्या सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून चारचाकी केली, तिला मोटारसायकलीसारखी लाथ मारून सुरू करण्याची सोय ठेविली. २०२१ च्या अखेरीस उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं ती पाहून तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली आणि २०२२ च्या जानेवारींत दिलीही. देऊं करतांना त्यांनीं हेंही सांगितलें होतें कीं ही गाडी नियमांत बसत नाहीं आणि अधिकारी ती केव्हां तरी रस्त्यावरून काढतील.

येथेंच खरी मेख आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें असें बजाविलें आहे कीं कारखानदारानें दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ च्या जानेवारींत हेंच उचलून धरलें. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, आणि त्या वेळीं निरीक्षक गाडी पुस्तकाशीं ताडून पाहतो. मेहुण्यांच्या पश्चात् गाडी वारसाच्या नांवें व्हावयाची होती, नूतनीकरणही राहिलें होतें. सांगाडा कापला आणि निरीक्षकानें नाकारलें, तर नवी घडण गोठ्यांतच राहणार, आणि जुनी तर आधींच मोडलेली असणार! भाचा ‘सगळेच करतात’ असें म्हणत होता. सगळे करतात हें प्रमाण न्यायशास्त्रांत कोठें सांगितलेलें नाहीं, असें आम्हीं त्यास सांगितलें.

आम्हांस तेव्हां ऋग्वेदांतील ऋभूंची आठवण झाली. सुधन्व्याचे हे तीन पुत्र, जातीचे कारागीर. त्यांनीं अश्विनीकुमारांस रथ घडवून दिला, म्हाताऱ्या आईबापांस पुन्हां तरुण केलें, आणि त्वष्ट्यानें केलेल्या एका चमसाचे चार चमस केले. त्यावर त्वष्टा संतापला. आपल्या घडणीस दुसऱ्यानें हात लाविला हें त्यास सहन होईना. मूळ कारखानदाराची हरकत ही इतकी जुनी आहे! पण देवांनीं ऋभूंस यज्ञांत भाग दिला, हेंही तेथेंच आहे. आम्हीं ही कथा गॅरेजांत सांगितली तेव्हां मिस्त्री पाना पुसत म्हणाले, ‘गुरुजी, चार केले ते केले, पण नंबर कुठला टाकला?’

त्यांचा प्रश्न वरवर दिसतो तितका विनोदी नव्हता. पिस्टन नवा, टायर नवे, तारा नव्या, टाकी उद्यां बदलली. मग गाडी तीच कशावरून? बौद्ध ग्रंथांत नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास रथाविषयीं हाच पेंच घातला आहे. कायद्यानें तो साध्या रीतीनें सोडविला आहे: हँडलाच्या मुळाशीं, सांगाड्याच्या मानेवर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक. मिस्त्रींनीं ते दोन्ही अंक घांसलेटच्या चिंधीनें पुसून आम्हांस दाखविले. रंग देतांना त्यांवर कागद चिकटवून ते झांकले होते, कीं रंगाच्या थरांत अक्षर बुजूं नये.

मिस्त्रींची दुसरी हरकत यंत्राची होती. पुढील चाकाचे पाय, म्हणजे फोर्क, किती कललेले आहेत यावर गाडीचें वळणें अवलंबून असतें. अधिक कलते केले तर सरळ रस्त्यावर गाडी स्थिर धांवते, परंतु वळणावर जड होते. उलट उभे केले तर चटकन् वळते, पण वेगांत बिथरते. मागची बाजू खालीं दाबली म्हणजे पुढचा कल आपोआप वाढतो. ‘चित्रांत बरी दिसंल,’ ते म्हणाले, ‘पण आपल्या ओढ्याच्या वळणाला अंगावर येईल.’ भाच्यानें कागदावर कोन मांडून पाहिले. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

बहीण या सगळ्या चर्चेपासून दूरच होती. तिसऱ्या दिवशीं ती जेवणाचा डबा घेऊन गॅरेजांत आली, आणि बांकावर ठेविलेली ती नवी, एकट्याची बैठक तिनें पाहिली.

‘ही कसली?’

‘गाडीची, आई. अशी असते आतां.’

‘आणि मागं बसणारानं?’

लग्न झाल्यापासून दर संकष्टीस ती मेहुण्यांच्या मागें बसून मोरगांवास जात असे. पावसांत, उन्हांत, पुढें गुडघे दुखूं लागले तरीही. ती रागावली नाहीं. डबा उघडून भाकरी वाढतां वाढतां एवढेंच म्हणाली, ‘तुला हवी तशी कर. पण दादा, याला सांगा, मी एकदां तरी बसेन म्हणते.’

आम्हांस कांहीं सांगावें लागलें नाहीं. नोंदणीपुस्तकांत आसनसंख्या दोन अशी आहे हें भाच्यानें स्वतःच काढून दाखविलें, जणूं कायद्यासाठींच तो बैठक बदलीत होता. सांगाडा न कापतां, बोल्टनें बसेल आणि पुन्हां काढतां येईल अशी सलग, आंखूड अशी दोघांची बैठक ठरली. मागें धरावयास कडी, आणि साडी चाकांत जाऊं नये म्हणून बाजूची जाळी होती तशीच. हँडल किंचित् रुंद झालें, पण चाकांचें १९ इंचांचें माप राहिलें. मडगार्ड मात्र त्यानें हट्टानें थोडें आंखूड केलें, आणि जुनें जपून माळ्यावर ठेविलें. निरीक्षकानें बोट दाखविलें तर तासाभरांत परत बसेल. सायलेन्सर मूळचाच. पुण्यांत कर्कश सायलेन्सर पोलिसांनीं जप्त करून रोलरखालीं घातल्याचीं चित्रें वर्तमानपत्रांत येतात, तीं जाऊबाईंनीं मुद्दाम कापून ठेविलीं होतीं.

रंगावरून घरांत अजून दोन पक्ष आहेत. पोरांस लष्करी हिरवा हवा आहे. थोरल्या दिरांनीं, जे गाडी विकावी म्हणत होते त्यांनींच, काळा रंग आणि टाकीवरील सोनेरी रेघा जशाच्या तशा हव्यात असें बजाविलें आहे. पुस्तकांत काळा असल्यामुळें त्यांचा पक्ष तूर्त जड आहे. पशुवैद्यकीची कातडी पिशवी अडकवावयाचा डावीकडचा लोखंडी आंकडा मिस्त्री कापून टाकणार होते. बहिणीनें तो ठेवावयास सांगितला. त्याला आतां ती नारळाची पिशवी लावणार आहे.