आधी पान बघा

जुलैत सोयाबीन वीतभर होत नाही तोच शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात हे नेहमीचंच. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. पीक पिवळं दिसलं की बहुतेकांचा हात युरियाकडे जातो, कारण नत्र कमी पडलं तरी पान पिवळंच होतं. मात्र नत्राचा पिवळेपणा बुडातल्या जुन्या पानांपासून वर चढतो. झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोह एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, म्हणून त्याची तूट नव्या पानावर दिसते. पंप पाठीवर घेण्याआधी वाकून एवढं बघायलाच हवं.

फेरस सल्फेट फवारल्यावर काही दिवसांनी पान हातात घ्या. थेंब पडला तिथे हिरवे ठिपके उठलेले असतात, मधली जागा पिवळीच. फवारणी कशी करावी, ते या ठिपक्यांवरून कळतं. थेंब बारीक हवा, पान खालूनवरून भिजायला हवं आणि नवी पानं फुटली की पुन्हा फवारायला हवं. द्रावण ताजंच वापरावं. फिकट हिरवं पाणी तांबूस झालं की त्यातलं लोह पानाच्या कामाचं राहत नाही. भर उन्हात तर फवारूच नये. थेंब लगेच सुकतो, क्षार पानावर साचतात आणि कडा करपतात.

कपाशीला बोंडं भरताना २ टक्के डीएपी द्यायचं, तर ते रात्रभर भिजत घालावं. सकाळी वरची निवळी फडक्यातून गाळून घ्यावी, नाहीतर नोझल तुंबतं. पानं लाल पडतात त्या लाल्यासाठी लागणारं मॅग्नेशियम सल्फेट त्यातच ओतू नये, साका होतो. ते वेगळं फवारावं.

आता फवारणीतून पिकाला किती मिळतं, त्याचा हिशेब बघा. एकरी २०० लिटर पाण्यात २ टक्क्यांनी युरिया लागतो ४ किलो. त्यात नत्र २ किलोसुद्धा नाही, आणि बागायती कपाशीला एकरी ४० किलोंच्या वर लागतं. फवारणी म्हणजे अडल्या वेळचे हातउसने पैसे. त्यावर संसार चालत नाही. म्हणून यंदा पानावर दिसलेली उणीव वहीत टिपून ठेवा. पेरणीआधी माती तपासा, शेणखत घाला, चुनखडीच्या रानात पिवळं न पडणारं वाण निवडा. पीक मातीतूनच पोसलं, तर पंप मोजक्याच वेळा उचलावा लागेल.