साठ अंक

आमच्या अण्णांचं गॅरेज विठ्ठलवाडीत आहे. 'गॅरेज' हा शब्द मी कॉलेजात वापरतो. प्रत्यक्षात डोक्यावर चार पत्रे आणि आढ्याला टांगलेली चेनपुली. सातवीनंतर अण्णांनी हाती पाना घेतला. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, म्हणून घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येतो.

दिवाळीच्या सुट्टीत एक गिऱ्हाईक महिंद्राची जुनी एमएम 540 जीप घेऊन आलं. तिचं मूळ इंजिन प्यूजोच्या धर्तीचं, 2112 सी.सी.चं, चढावर धापा टाकणारं. त्यांना त्या जागी बोलेरोचं टर्बो इंजिन हवं होतं. कुर्ल्याच्या भंगारातून त्यांनी ते आणलंही होतं. टर्बोची युक्ती मोठी गमतीची! सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, तेवढं डिझेल जास्त जळतं, जोर वाढतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं, हे मी शोधून अण्णांना ऐटीत सांगितलं.

"त्याला म्हणावं, फाउंडेशन जुळवायला ये," अण्णा म्हणाले.

फाउंडेशननेच घाम काढला. जुने कापले, नवे वेल्डिंग केले, रेडिएटर पुढे सरकवला. तीन आठवड्यांनी इंजिन सुरू झालं ते काळा धूर ओकत. डिझेल जास्त जातंय, पंप कमी करू, असं मी सुचवलं. अण्णांनी उत्तर दिलं नाही. टर्बोपासून निघालेल्या हवेच्या पाइपावरून त्यांनी ओला तळहात फिरवला आणि एका क्लिपपाशी थांबले. हवा तिथून निसटत होती. क्लिप आवळली तशी धूर विरळ झाला, आणि रेस दिल्यावर बारीक शीळ ऐकू आली. मी चावी फिरवायला गेलो, तर त्यांनी हात धरला. ते चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं, तेलाच्या पातळ थरावर. इंजिन बंद झालं की तेल थांबतं. "आयडलवर साठ मोज, मग बंद कर."

मग गिऱ्हाईक आर.सी. बुकावर नवा इंजिन नंबर चढवायला आर.टी.ओ.त गेलं आणि नकार घेऊन परत आलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. मोबाइलवर दोन मिनिटांत सापडलं. इंजिन बदलता येतं, पण त्याच मेकचं आणि त्याच टाइपचं. त्यालाही मंजुरी लागते.

"मेक तर महिंद्राच आहे की."

"टाइप वेगळा आहे, अण्णा."

ते बराच वेळ पान्याला तेल पुसत बसले. "हे आधीपासून लिहिलेलं होतं?"

होतं. ब्यूखीचं पेटंट मी शोधलं होतं, हे शोधलं नव्हतं. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

टर्बो इंजिन उतरवून जुनं परत बसवायला चार दिवस लागले. त्याची मजुरी अण्णांनी घेतली नाही. आधीच्या मजुरीतलीही निम्मी परत केली. मी तेव्हा शेजारीच उभा होतो.

शेवटच्या संध्याकाळी जुनं इंजिन धडधडत सुरू झालं. चावी माझ्या हातात होती. मी मनात मोजत उभा राहिलो.

"अरे, ह्याला टर्बो नाही," अण्णा म्हणाले. "बंद कर."