मिठाची पुडी किती दिवस जाते?

आशा म्हणून गावातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म मी भरते. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे त्यात प्रश्न. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या वर गेली की गुण चढतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं.

फॉर्म संपल्यावर दोनेक मिनिटं मिळतात. टेपवरचा आकडा समोरच्यानं नुकताच पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचं लक्ष माझ्याकडे असतं. ही दोन मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

तेव्हा ‘मीठ कमी खा’ म्हटलं तर सगळेच ‘हो ताई’ म्हणतात. म्हणून मी विचारते, “किलोची मिठाची पुडी तुमच्याकडे किती दिवस जाते?” उत्तर बहुतेक वेळा चुलीपासून येतं. मग हिशोब मांडतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी. पाच माणसांच्या घरात पुडी निदान चाळीस दिवस जायला हवी. लोणचं, पापड, फरसाणातलं मीठ धरलं तर त्याहून जास्त.

एका घरी सासूबाई म्हणाल्या, “अगं, महिनासुद्धा पुरत नाही!” बीपी मुलाला होतं, स्वयंपाक सुनेचा आणि चव ठरलेली सासऱ्यांची. एकट्या मुलाला सांगून काय होणार? सगळ्यांसमोर बोलले. सूनबाईंनीच मार्ग काढला: जेवताना मिठाची वाटी पुढ्यात ठेवायची नाही, फोडणीत हात आखडता घ्यायचा आणि वर लिंबू पिळायचं. मी एवढंच म्हटलं, “दादा, गोळी मात्र चुकवायची नाही.”

व्यायामाचं विचारलं की, “दिवसभर रानात राबतो, आणखी कसला व्यायाम?” हे ठरलेलं. खुरपणाऱ्या बाईचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तिला मी चालायला सांगत नाही, विसाव्याचं आणि ताटातल्या पालेभाजीचं विचारते. किराणा दुकानात दिवसभर बसणाऱ्या भाऊंची गोष्ट वेगळी. मळा जवळ, तरी जायचं मोटरसायकलवर. आठवड्याला निदान 150 मिनिटं चालणं हवं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि तेही तुकड्यातुकड्यानं चालतं, हे त्यांना सांगितलं. “सकाळी दूध घालायचं असतं ताई, संध्याकाळी जाईन चालत,” ते म्हणाले. वेळ त्यांनी स्वतः निवडली, म्हणून ती टिकली.

पुढच्या खेपेला मी नवा उपदेश करत नाही. ठरलेल्या गोष्टीचं काय झालं, एवढंच विचारते. जमलं नसेल तर रागवत नाही. दोघं मिळून त्याहून सोपं काहीतरी ठरवतो. ताई परत येऊन विचारणार, हे ठाऊक असलं की माणूस ठरवलेलं सहज सोडत नाही.

डॉक्टरांसमोर रांग असते. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात शिरायला त्यांना सवड नसते. मी मात्र पोलिओच्या डोसासाठी, बाळंतिणीला भेटायला त्याच उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा जाते. म्हणूनच हे बोलणं आशांच्या हातून व्हायला हवं, आणि आमच्या प्रशिक्षणात ते फॉर्म भरण्याइतकंच मन लावून शिकवलं जायला हवं.