बदली अनुदानाचे गणित

केंद्र शासनाच्या 2017 च्या आदेशानुसार 20 किलोमीटरहून दूर बदली झाल्यास सामानाच्या वाहतूकखर्चाखेरीज मूळ वेतनाच्या 80 टक्के रक्कम एकत्रित बदली अनुदान म्हणून मिळते. सातव्या आयोगाच्या आरंभीच्या वेतनावर केंद्रीय पोलीस दलातील शिपायास 17,360 रुपये, तर तेराव्या स्तरावरील अधिकाऱ्यास 98,480. अधिकाऱ्याचे सामान अधिक असते, हे खरे, (आमची तर पुस्तकेच किती!) पण त्यासाठी वजनाची वेगळी मर्यादा आहेच : त्याला 1,500 किलो, मला 6,000. नव्या गावी घराची दलाली, मुलांचे गणवेश, खिडक्यांचे पडदे हे खर्च मात्र वेतनस्तर विचारून येत नाहीत. अर्थशास्त्र त्यांना स्थिर खर्च म्हणते. टक्केवारी राहो, तिच्याखाली सर्वांसाठी एक किमान रक्कम असावी. 2025 मध्ये नेमलेल्या आठव्या वेतन आयोगाने हा हिशेब शिपायाच्या बाजूने मांडून पाहावा.