थंड इंजिन बघायचं

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगावं, "गाडी सुरू करू नका, मी आल्यावर मीच करतो." तरी पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. कोमट लागलं तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि उद्या सकाळी परत येतो म्हणून निघावं. जुन्या डिझेलची दुखणी पहिल्या सेल्फलाच बोलतात. तापलेलं इंजिन कुणाचंही गोड वाजतं.

*

धुराचा रंग. सुरुवातीचा एखादा पांढरा भपकारा चालतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बो. काळ्याचं सांगता येत नाही. तुंबलेल्या एअर फिल्टरपासून गेलेल्या इंजेक्टरपर्यंत काहीही निघतं, म्हणजे काहीशे रुपयांपासून पाच आकड्यांपर्यंत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पुढचं बोलणंच नको.

*

ऑइलचं झाकण सैल करून जागेवर नुसतं ठेवायचं आणि इंजिन चालू करायचं. थोडं थरथरलं तर हरकत नाही. नाचत खाली पडलं, डिपस्टिकच्या नळीतूनही धूर यायला लागला, तर मेस्त्री म्हणेल, "बॅक कॉम्प्रेशन मारतीय." सिलिंडरमधला दाब रिंगांच्या फटीतून खाली उतरतोय, असा त्याचा अर्थ. मग इंजिन काम आज ना उद्या ठरलेलं. डिपस्टिकवर काळं ऑइल दिसलं म्हणून मात्र घाबरू नये. डिझेलमध्ये नवं ऑइलसुद्धा लगेच काळं पडतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर विचारावं, ऑइलमध्ये डिझेल उतरतंय का?

*

"सील इंजिन आहे साहेब, पाना लागलेला नाही." प्रत्येक गाडीबद्दल हेच ऐकू येतं. टॉर्च घेऊन सांध्यांकडे बघावं. कंपनीची गॅस्केट पेस्ट बारीक, सारख्या रेघेत असते; गॅरेजमध्ये लावलेलं सिलिकॉन कडेने बोटभर बाहेर आलेलं असतं. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला, कोपरे घासलेले असले की पाना लागलाय. इंजिन उघडणं हा गुन्हा नव्हे. चांगल्या मेस्त्रीने बिलासकट केलेलं काम मला सील इंजिनच्या शपथेपेक्षा बरं वाटतं. बॉनेटखाली सगळं धुऊन चकाचक केलेलं दिसलं की मात्र शंका घ्यावी. गळती धुवूनच लपते.

*

पाण्यातली गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या दुरुस्त होऊन, कधी दुसऱ्या जिल्ह्यात, बाजारात येतात. पाण्यात नुसती उभी राहिलेली गाडी एकवेळ निस्तरता येते. चालू इंजिनाने एअर फिल्टरमधून पाणी ओढलेली नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड तशीच गाडी चालवू देतो, आणि पुढे कधीतरी हायवेवर तुटून ब्लॉकला भोक पाडतो. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, टोकाकडच्या भागात गाळाची रेघ राहते. सीटचे रूळ गंजलेत का, कार्पेटखालच्या फोमला कुबट वास आहे का, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी मातीचा साका आहे का, हेही बघावं. इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागावा. द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर.

*

कूलंटचं झाकण, अर्थातच थंड असताना. हिरवं किंवा गुलाबी पाणी दिसलं पाहिजे. तांबूस गढूळ दिसलं तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय, रेडिएटरमध्ये क्षार धरलेत. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची शक्यता धरा.

*

मीटरवर माझा विश्वास नाही. दहा वर्षांची इनोव्हा आणि ८० हजार किलोमीटर? मग क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत का? आरसीचा इतिहास बघावा, टूरिस्ट पासिंगची पांढऱ्या पाटीवर आणलेली असू शकते. चेसिस नंबर सांगून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी विचाराव्यात. उलट, सोसायटीत वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली 'कमी चाललेली' गाडीही तितकी निर्धोक नसते. सील सुकतात, टाकीत पाणी धरतं, आणि कॉमन रेलच्या पंपाला पाणी अजिबात सोसत नाही.

*

दिल्ली पासिंगच्या डिझेल स्वस्त का? तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये उचलून धरली. त्यामुळे बऱ्या गाड्याही एनओसी घेऊन इकडे आल्या. इंजिन चांगलं असू शकतं. इथला रोड टॅक्स आणि कागद जमेस धरा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि हरित कर आहेच.

*

चाचणी सपाट रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. पुण्याकडचे असाल तर कात्रजचा जुना घाट किंवा साताऱ्याकडे जाताना खंबाटकी. एसी चालू, तिसरा गिअर, नजर तापमानाच्या काट्यावर. काटा मध्यावर थांबला पाहिजे. वर पोचल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवावी. मालक स्वतः तसं करत असेल तर टर्बोची काळजी घेतली गेलीय.

*

बेल्ट की चेन, हे गाडी बघायला जाण्याआधीच माहीत हवं. महिंद्राच्या एमहॉकला टायमिंग चेन. डस्टरच्या दीड लिटर डिझेलला, जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटरला आणि पहिल्या फॉर्च्युनरच्या तीन लिटरला बेल्ट. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. "मागच्या वर्षीच बदललाय" याला अर्थ नाही. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा, आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप यांचे पैसे तिथल्या तिथे सौद्यातून वळते करा.